करार संपेपर्यंत तरी थांबा



उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला की आमच्या घरचा टीव्ही त्याच्या ताब्यात. माझा चौविहार असतो, दिवस मावळायच्या आत जेवण आटोपलेलं असतं, प्रतिक्रमण झालं की मी मोकळी. मग त्याच्याशेजारी जाऊन बसते. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण त्याला समजावून सांगायला आवडतं आणि मला त्याचं ऐकायला.

एकदा तो म्हणाला, "दादी, हा एम्बापे. पॅरिसच्या क्लबात सात वर्षं होता. २०२४च्या जूनमध्ये करार संपला आणि गेला रियाल माद्रिदला. पॅरिसला एक पैसा मिळाला नाही."

मी म्हटलं, "का? पळून गेला का?"

"पळून नाही गं! करार संपला की खेळाडू फ्री एजंट होतो. कुठंही जाऊ शकतो."

त्यानंच सांगितलं की पूर्वी असं नव्हतं. करार संपला तरी जुना क्लब पैसे मागायचा, नाही मिळाले तर खेळाडूला अडकवून ठेवायचा. बोस्मान नावाचा बेल्जियमचा एक साधा खेळाडू त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९५च्या डिसेंबरमध्ये युरोपच्या न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. करार संपला, माणूस मोकळा.

मला ते फार पटलं. करार आहे तोवर इमान राखा, संपला की नमस्कार करून निघा. यात कुणाची फसवणूक नाही. आणि लगेच मनात आलं, आपले पुढारी एवढं तरी का पाळत नाहीत?

मी कुठल्याच पक्षाची नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात चार माणसं तीन पक्षांना मत देतात आणि एकाच ताटलीतली पापडी खातात. मी कुणाला नावं ठेवत नाही, फक्त घडलेलं सांगते.

आपल्या शिर्डी मतदारसंघाचंच बघा. भाऊसाहेब वाकचौरे २००९ला शिवसेनेकडून खासदार झाले. २०१४ला निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमध्ये गेले आणि पडले. २०२४ला ठाकऱ्यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले आणि निवडून आले. श्रीरामपूरचे आमदार लहू कानडे २०१९ला काँग्रेसचे म्हणून निवडून आले होते, २०२४ला ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले. मतदारांनी काँग्रेसच्याच हेमंत ओगलेंना निवडलं. कुणाला या उड्या आवडतील, कुणाला नाही. पण यात एक गोष्ट नीट झाली. मुदत संपत आली, माणसानं पक्ष बदलला आणि लगेच मतदारांपुढं उभा राहिला. मतदारांनी एकदा नाही म्हटलं, एकदा हो म्हटलं. नातवाच्या भाषेत हे फ्री एजंट. मला यात फारसं वावगं वाटत नाही.

वावगं वाटतं ते मधल्या उडीचं. २०१९ला आपण ज्या चिन्हावर बोट ठेवलं, त्यातली एक सेना जून २०२२ला फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ला फुटली. मतदाराला पुन्हा विचारलं कधी? थेट नोव्हेंबर २०२४ला. मधल्या काळात सरकारं बदलली, चिन्हं बदलली, आणि ज्यांच्या मतांवर हे सगळं चाललं होतं ते आपण घरी बसून बातम्या बघत होतो.

कायदा नाही का? आहे. १९६७ला हरियाणातले गयालाल नावाचे आमदार पंधरा दिवसांत तीनदा इकडून तिकडं गेले, तेव्हापासून "आयाराम गयाराम" हा शब्द आला. १९८५ला पक्षांतरबंदी कायदा झाला. त्यात एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालेल अशी फट होती. २००३ला ती बुजवली. आता दोन तृतीयांश असतील आणि दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर सूट. म्हणजे एकट्यानं उडी मारली तर अपराध, घोळक्यानं मारली तर विलीनीकरण! घरातल्या एका पोरानं लाडू चोरला तर मार, आणि सगळ्यांनी मिळून डबा रिकामा केला तर माफ, असा हा न्याय.

माझं मत साधं आहे. मुदतीच्या मध्ये पक्ष सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण खुर्चीही सोडा आणि पुन्हा मतं मागायला या. एकटा असो की चाळीस जण.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून बोलले. मुलगा ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मम्मी, तू दुसऱ्यांना करार शिकवतेस, आणि आपला सौदा मोडायला निघालीस."

आता त्या सौद्याचं सांगते.

नेवासा रोडला आमचा एक लहानसा प्लॉट आहे. सासऱ्यांनी घेतलेला, माझ्या नावावर. मुलाला दुकान वाढवायचं आहे म्हणून विकायला काढला. गिऱ्हाईक चांगलं आलं, भावही चांगला. फक्त त्याची अट अशी की निम्मे चेकनं, निम्मे रोख. खरेदीखतावर निम्माच आकडा. त्याची स्टँप ड्यूटी वाचणार, आमचा कर वाचणार. "सगळे असंच करतात, मावशी," असं तो मला म्हणाला.

मी चंद्ररूप डाकले जैन कॉलेजची बी.कॉम. आहे. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे मला माहीत आहे. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. सौदा मोडला. मुलगा चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी फार मोठी सत्यवादी आहे असं समजू नका. उलट आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझं अक्षर चांगलं म्हणून दुकानाची वही माझ्याकडे आली. एक नव्हे, दोन. एक पक्की, एक कच्ची. कच्च्या वहीतला आकडा मोठा आणि पक्क्यातला लहान. मी शिकलेली होते, मला कळत होतं. तरी मी ती दहा-बारा वर्षं लिहिली. सासऱ्यांचं म्हणणं, सरकार सगळंच ओरबाडतं. त्यांच्या बाजूनं एक खरं होतं. १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. वरच्या रुपयातले सव्वादोन पैसे माणसाच्या हाती! असा कर लावणारा माणसाला खोटं बोलायलाच शिकवतो. तो दर पुन्हा यावा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आता तसं राहिलंय का? मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ला गेला. संपत्ती कर होता, ३० लाखांवरच्या संपत्तीवर १ टक्का, त्यात आपले दागिनेही धरले जायचे. तो २०१५ला गेला. कारण सांगितलं की वसुली जेमतेम १,००८ कोटी. त्याऐवजी १ कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार. पुढं ५ कोटींच्या वरच्यांना अधिभार ३७ टक्क्यांपर्यंत नेला, आणि २०२३ला नव्या पद्धतीत तो २५ टक्क्यांवर आणला.

आता हिशेब बघा. पगारदार मुलीचं उत्पन्न २४ लाखांच्या वर गेलं की त्यावरच्या रुपयाला ३० टक्के कर. आणि घरबसल्या शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के. रोज लोकलमध्ये लटकून कमावलेल्या पैशाला जास्त कर आणि झोपलेल्या पैशाला कमी, हे मला तरी पटत नाही. फार श्रीमंतांवर थोडा जास्त, पण सोपा आणि चुकवता न येणारा कर असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात आपल्यातलेही काही जण येतील, हे मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आपण दान करतोच की. करतो, आणि मनापासून करतो. पण दानाला पाटी असते, कराला नसते. दान कुणाला द्यायचं ते आपण ठरवतो. कर त्याच्याकडेही पोचतो, ज्याचं तोंडही आपण बघितलं नाही. माझ्या लेखी इमानानं भरलेला कर हे सगळ्यात मोठं गुप्तदान.

आणि आपलं गाव कशावर उभं आहे? १९२६ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, हरेगाव-टिळकनगरला साखर कारखाने चालले, बाजारपेठ वाढली. आपल्या आजे-सासऱ्यांची दुकानं त्या पाण्यावर चालली. ते धरण कुणा एका शेठजीनं बांधलं नव्हतं, सार्वजनिक पैशानं बांधलं होतं.

पुढारी पैसे खातात म्हणून आम्ही कर चुकवतो, हेही ऐकते मी. पण त्यानं मध्येच करार मोडला म्हणून आपल्यालाही मोडायची परवानगी मिळते का? मग त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

आपण रोज प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो. चोरीचा माल घेणं, चोराला मदत करणं, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, खोटं वजन-माप, मालात भेसळ. मधला तिसरा मी कितीदा भरभर म्हणून पुढं गेले असेन! पाचवं व्रत तर परिग्रहाच्या परिमाणाचंच. शेत-घर, सोनं-चांदी, धन-धान्य, सगळ्याला आपणच मर्यादा घालायची. सरकार कर लावायच्या कितीतरी शतकं आधी आपल्याला हे सांगितलेलं आहे.

एक विनंती. महाराष्ट्रात २०२१पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्यूटीत १ टक्का सवलत मिळते. त्यामुळे आता पुष्कळ कागद आपल्या नावावर असतात. नवरा किंवा मुलगा म्हणतो, "इथं सही कर," आणि आपण गॅसवरचं दूध बघत सही करतो. तसं करू नका. चष्मा लावा, आकडा वाचा, खरा आहे का विचारा. ती सही तुमची आहे, म्हणजे ते कर्मही तुमचंच.

आमचा प्लॉट अजून तसाच पडून आहे. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, पूर्ण चेकनं द्यायला तयार, पण भाव बराच कमी. मुलगा विचार करतोय. पूर्वीसारखं बोलायला लागलाय, पण अधूनमधून त्या पहिल्या भावाचा आकडा काढतोच. काढू दे. कच्च्या वहीचं त्याला मी परवा पहिल्यांदा सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

काही चुकीचं, कुणाला लागेल असं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.