राज्य बदलले की विमाही बदलतो

मुलांकडे अमेरिकेला निघालेले ज्येष्ठ रुग्ण मला विचारतात, “डॉक्टर, तिथे गरिबांचा सरकारी विमा एका राज्यात मिळतो आणि दुसऱ्यात नाही, असे का?” याचे मूळ एका घटनात्मक वादात आहे.

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आरोग्यविमा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच दिवशी फ्लोरिडा न्यायालयात गेले. पुढे त्या दाव्यात एकूण २६ राज्ये झाली. नागरिकांवर विम्याची सक्ती करण्याचा, तसेच ‘मेडिकेड’ योजना न वाढवणाऱ्या राज्यांचे जुने अनुदानही रोखण्याचा अधिकार राज्यघटना केंद्राला देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विम्याची सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी, कर म्हणून, ग्राह्य धरली. अनुदान रोखण्याचा धाक मात्र घटनाबाह्य ठरवला. योजनेचा विस्तार अशा रीतीने ऐच्छिक झाला. टेक्सास व फ्लोरिडा यांनी तो स्वीकारलेला नाही. तेथील अनेक गरीब प्रौढ विम्याविना राहतात आणि मधुमेह, रक्तदाब अंगावर काढतात. राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न खराच. पण त्याची किंमत रुग्णाने मोजावी, हे डॉक्टर म्हणून मला सलते.

आपण तेथे पाहुणे म्हणून जाता, तेव्हा कोणत्याच राज्यात ही योजना आपल्यासाठी नसते. म्हणून निघण्यापूर्वी प्रवासविमा उतरवा, जुन्या आजारांविषयीची अट नीट वाचून घ्या आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.