दोन कुस्त्यांमधला अर्धा तास

सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना खाशाबा जाधव हे नाव नव्याने सांगावे लागणार नाही. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे हे मल्ल. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा, असे मला वाटते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी मात्र पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली त्यांची कुस्ती फार लांबली आणि एका गुणाने हुकली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लाशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. परंतु तो दाखवून देणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानून परतले. कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागताला निघाली होती.

या हकिकतीची आठवण मला पवनी तालुक्यातील एका वृद्ध रुग्णामुळे झाली. वय शहात्तर, मधुमेह जुना. तपासण्यांसाठी मोठ्या शहरातील रुग्णालयात गेले. पहाटे नेहमीची गोळी घेतली. रक्त उपाशीपोटी द्यायचे म्हणून खाल्ले काहीच नाही. रक्त दिल्यावर सोनोग्राफीची रांग, ती संपल्यावर आणखी एक रांग. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सोबतचा मुलगा उन्हाला दोष देत राहिला. शेजारच्या बाकावरील एका बाईंनी ओळखले आणि साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले.

नियम येथेही होते. ते बोलून दाखवणारे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून वृद्धांना तपासणीस नेताना पुढील गोष्टी कराव्यात. कोणती तपासणी उपाशीपोटी आहे आणि त्या दिवशी कोणती गोळी घ्यावी, कोणती थांबवावी, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने ठरवू नये. मधुमेह असल्याचे खिडकीवर सांगून सकाळचा पहिला क्रमांक मागावा. डबा, पाणी व साखर जवळ असावी. घाम, थरथर, गोंधळ दिसताच, रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व डॉक्टरांना बोलवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालयाचा कक्ष गाठावा. जिना चढून आल्या आल्या रक्तदाब मोजू देऊ नये. पाच मिनिटे शांत बसण्याची मुभा मागावी. ही मागणी उद्धटपणाची नव्हे, हक्काची आहे.

पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे खाशाबांना १९५६ चे ऑलिंपिक गाठता आले नाही. १९५५ पासून त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लवकरच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

हेलसिंकीला खाशाबांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. आपल्या आईवडिलांसोबत आपण असतो. मग नुसते फाइल धरून बसू नये, बोलावे.