घरमा शे, घरमां छे, घरात आहे

परप्रांतातील मराठी शाळांचा विषय निघाला म्हणजे आमचे पुढारी व्यासपीठावर गहिवरतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. सुरतेच्या मराठी शाळेत पहिलीच्या बाई रोज काय करतात, हे पाहावयास त्यांच्यापैकी कोणी वर्गात जाऊन बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही आज त्या वर्गाविषयीच लिहिणार आहोत. वाचकांस हा विषय किरकोळ वाटू नये.

उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे पोटासाठी येऊन राहिली. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या गिरणीत, तर घरच्या बायका साड्यांना टिकल्या लावीत. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होती. दुसऱ्या दिवशी मध्ये सीमा आली, तापीकाठची गाडी मात्र तीच राहिली. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालविते, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने झटावे, असे घटनेचे ३५० अ कलम १९५६ पासून सांगत आले आहे. सीमाभागात त्या कलमाची काय दशा झाली, तो विषय निराळा.

परंतु मातृभाषा म्हणजे कोणती? या मुलांच्या घरी पुस्तकातील मराठी नाही, अहिराणी आहे. ''दप्तर कुठे आहे?'' असे विचारताच मूल सांगते, ''घरमा शे.'' येथे ''अशुद्ध!'' म्हणून डोळे वटारणारा शिक्षक त्या मुलाचे तोंड दिवसभरापुरते बंद करतो, आणि असे दिवस साठले म्हणजे मूल शाळेतूनच नाहीसे होते. आमच्या परिचयाच्या एका बाई तसे करीत नाहीत. त्या फळ्यावर ओळीने लिहितात : घरमा शे. घरमां छे. घरात आहे. पहिले आईचे, दुसरे शेजारच्या काकांचे, तिसरे पुस्तकाचे. मुले टक लावून पाहतात. आपले ''शे'' म्हणजे चुकलेले ''आहे'' नव्हे, त्याची भावंडे या शहरात रस्तोरस्ती बोलली जातात, हे सहा वर्षांच्या पोराला कोणी न सांगता उमगते.

पाढ्यांचेही तेच. मराठी मूल ''बे एके बे'' घोकते, पण हा ''बे'' कोण, हे पुण्याच्या मुलास पुष्कळदा ठाऊक नसते. सुरतेच्या मुलास तो दुकानात रोज भेटतो. तेथे दोन रुपये म्हणजे ''बे रूपिया''. बाई पाढा म्हणण्यापूर्वी दुकान मांडतात. कैरीची गंमत याहून मोठी. गुजरातीत ''केरी'' म्हणजे आंबाच, आपली कैरी मात्र कच्ची; तेव्हा ''केरी पिकली'' हे वाक्य बरोबर की चूक, यावर वर्गात दोन तट पडतात.

गुजराती लिपीस शिरोरेषा नाही. रस्त्यावरच्या पाट्या पाहून मोठी झालेली मुले मराठी शब्दांवर रेघ द्यावयास विसरतात. बाई वहीत लाल खुणा करीत नाहीत. त्या गुजराती ग, न, प, म, व, स फळ्यावर काढतात आणि म्हणतात, ''यांच्यावर छप्पर घाला.'' छप्पर पडले की अक्षर मराठी होते. मग ज, ब, ख यांची पाळी येते. छप्पर घातले तरी ती ऐकत नाहीत, आणि हशा पिकतो. त्या हशात दोन लिप्या शिकून होतात.

श्रावणात कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार आला की निम्मे बाक रिकामे. हजेरीपटावर तेवढे शून्य मांडून थांबता येते. बाई मंगळवारी ''रोट कसे केले?'' एवढेच विचारतात, आणि ज्यांना निबंध लिहिता येत नाही ती मुले तास संपला तरी थांबत नाहीत.

आमचे शुद्धिवादी मित्र म्हणतील, ही भेसळ झाली. ज्यांच्या १८३६ च्या व्याकरणाने मराठीस शिस्त लावली, ते दादोबा पांडुरंग पुढे सुरतेसच शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहता या गुजराती शिक्षकाबरोबर त्यांनी तेथे मानवधर्म सभा काढली. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, आणि आपल्याकडील बालशिक्षणाचा पाया त्या सहकार्यातून पडला. या मंडळींस शेजारच्या भाषेचे भय वाटले नाही.

गुजरातने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची केली. राज्याची भाषा मुलांस यावी, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु नवी भाषा मुलाच्या तोंडी असलेल्या भाषेच्या खांद्यावरूनच वर्गात येते. तो खांदा काढून घेतला तर मुलास दोन्ही भाषा अर्ध्याच राहतील. कायद्याचे पुस्तक आहे, बाईंच्या युक्त्या मात्र वहीच्या मागल्या पानांवर पडून आहेत. त्या गोळा करून अहिराणी, गुजराती, मराठी अशी तीन रकान्यांची पुस्तिका शिक्षण समितीने छापावी. खर्च फार नाही. आणि गहिवरणाऱ्या आमच्या सरकारने एवढे करावे : बालभारती १९७१ पासून ''किशोर'' मासिक काढीत आली आहे, त्याचा एक गठ्ठा दरमहा सुरतेच्या प्रत्येक मराठी शाळेत पोहोचता होईल अशी व्यवस्था येत्या जूनपासून लावावी. त्यासाठी आयोग नेमावयाचे कारण नाही.