वंगणाचा हिशेब

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरात तेलाखेरीज दुसरा विषय निघत नाही. अभ्यंगाचे तेल वेगळे, चकलीचे वेगळे, पणतीचे आणखी वेगळे. आणि प्रत्येकाचा भाव गेल्या वर्षीपेक्षा चढा. यंदा आमच्या वर्ध्याच्या घरी या यादीत चौथ्या तेलाची भर पडली, आणि ती घातली आमच्या दूधवाल्याने.

त्याचे गाव वर्ध्यापासून पंधरा किलोमीटर. सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, म्हणजे रोजचे साठ किलोमीटर झाले. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकलेले. गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत. मी लिहितो त्या अर्थी मला इंजिनातलेही कळत असणार, असा त्याचा समज आहे. दुधाचे माप घालता घालता तो म्हणाला, "भाऊ, एक सांगा मले. दुकानवाला म्हनते, सिंथेटिक ऑइल टाका, मायलेज वाढते. चारशेच्या जागी आठशे मागते. टाकू का नको?"

प्रश्न चार शब्दांचा. पण त्याच्या घरी त्याचे उत्तर ढेपेच्या पोत्यात मोजले जाते. मी दोन दिवसांची मुदत मागितली, त्याच्या गाडीबरोबर मिळालेले पुस्तक मागवून घेतले (ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे बंद होते) आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलो.

वर्ध्याच्या माणसाला तेलाचे अप्रूप सांगायला नको. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पांनी मगनवाडीत काम मांडले, तेव्हापासून या गावाने तेलाचा विचार केला आहे. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली बैलघाणी पुढे 'वर्धा घाणी' या नावानेच ओळखली गेली. रॉकेलपायी गावचा पैसा बाहेर जाऊ नये म्हणून वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' इथेच निघाला. खर्च करावा, पण कशापायी आणि कोणाच्या खिशात, हे आधी विचारावे, ही त्या मंडळींची रीत. तीच रीत आपण मोटारसायकलला लावू.

आता सिंथेटिक म्हणजे काय? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही हे चटकन समजेल. जमिनीतून निघालेले खनिज तेल कितीही गाळले तरी त्यात लहानमोठे, वेडेवाकडे रेणू एकत्र राहतात. आखूड आणि लांब धाग्याचा कापूस एकाच गाठीत दाबावा तसे. सिंथेटिक तेलात रेणू कारखान्यात घडवलेले असतात, म्हणून ते बरेचसे एकसारखे असतात. असे तेल थंडीत लवकर घट्ट होत नाही, तापले तरी लवकर उडून जात नाही आणि जळून काळा राळ कमी धरते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलियमचा तुटवडा पडला तेव्हा जर्मनांनी या विद्येला जोर दिला. पुढे जेट विमाने आली आणि त्यांच्या इंजिनांची धग साध्या तेलाला सोसेना. त्या विमानांची सुरुवातीची सिंथेटिक तेले ज्या सेबॅसिक आम्लापासून बनली, ते आम्ल निघते आपल्या एरंडेलापासून! आपले आजोबा बंडीच्या आसाला एरंडेल घालीत ते काही अडाणीपणाने नव्हे. 'कॅस्ट्रॉल' हे नाव १९०९ साली पडले तेही 'कॅस्टर' म्हणजे एरंडावरूनच. एरंडेल धातूला घट्ट चिकटते. त्याचा दोष एवढाच, की तापून तापून ते डिंकासारखे होते.

डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक' या शब्दाने मात्र भारून जाऊ नये. खनिज तेलावरच कडक प्रक्रिया करून त्याचे रेणू नव्याने बांधले तर त्याला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांची जुंपली होती. १९९९ साली तिथल्या जाहिरात-निवाडा मंडळाने 'म्हणायला हरकत नाही' असा कौल दिला. जर्मनीत मात्र त्या शब्दाचा अर्थ कडक राहिला. आपल्या बाजारातली पुष्कळशी 'सिंथेटिक' तेले या दुसऱ्या जातीचीच असतात. ती वाईट असतात असे नव्हे, चांगली असतात. पण एकाच शब्दाखाली दोन भावांचा माल मावतो, एवढे ध्यानात असावे.

मायलेजकडे येऊ. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सांगणे असे की, इंजिनाला नेमून दिलेल्या जाडीचेच तेल वापरल्यास इंधनात साधारण १ ते २ टक्क्यांचा फरक पडतो. बारकाईने वाचा: फरक नेमक्या जाडीचा आहे, 'सिंथेटिक' या शब्दाचा नव्हे. डब्यावर '२०डब्ल्यू-४०' किंवा '१०डब्ल्यू-३०' असे जे लिहिलेले असते ती ही जाडी. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा; त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनातले तेल किती पातळ ते सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातले. आता जिथे पहाटे बर्फ पडते तिथे पहिल्या आकड्याला मोठी किंमत आहे. आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पौषातही पहाटे कान झाकले की भागते. थंडीत गाडी झटकन सुरू व्हावी म्हणून दुप्पट पैसे मोजणे म्हणजे वर्ध्यात राहून लोकरीचे मोजे विणणे होय. उन्हाळ्यातली धग सोसण्यात सिंथेटिक सरस आहे हे खरे. पण तो फायदा इंजिनाच्या आयुष्याचा, टाकीतल्या पेट्रोलचा नव्हे.

मग दूधवाल्याचा हिशेब केला. रोज ६० म्हणजे वर्षाला जवळजवळ २२,००० किलोमीटर. गाडी लिटरला ५५ देते, म्हणजे ४०० लिटर पेट्रोल. भाव शंभरीच्या वर आहे, पण हिशेबाला शंभरच धरू: ४०,००० रुपये. सिंथेटिकने भरपूर म्हणजे २ टक्के वाचवले असे मानले तरी वर्षाचे ८०० रुपये. त्याचा मिस्त्री दर ३,००० किलोमीटरला तेल बदलतो, वर्षातून सात वेळा. साध्या तेलाचे ४०० प्रमाणे २,८००. सिंथेटिकचे ८०० प्रमाणे ५,६००. वाचले आठशे, गेले अठ्ठावीसशे. तेलही गेले, तूपही गेले, हाती राहिले धुपाटणे!

पण थांबा. सिंथेटिक घालूनही तीन हजारांनाच बदलायचे, तर ते घ्यायचे कशाला? त्याचा गुणच टिकण्यात आहे. सहा हजारांना बदलले तर वर्षात चार बदल, म्हणजे ३,२०० रुपये. साध्यापेक्षा चारशे जास्त आणि पेट्रोलात आठशे कमी. चारशे रुपयांचा नफा. इथे दुकानदार बरोबर ठरू लागतो. आणि इथेच मी ते बंद पुस्तक उघडले. त्या गाडीच्या कारखान्याने तेल बदलायची मर्यादा ६,००० किलोमीटर दिली होती, आणि तीही साध्याच तेलासाठी! म्हणजे साधेच तेल पुस्तकाप्रमाणे बदलले तर खर्च १,६०० रुपये. मिस्त्रीच्या रिवाजापेक्षा बाराशेने कमी, आणि डब्यावर एकही नवा शब्द नको. अर्थात त्याच पुस्तकात बारीक टाइपात असेही आहे की, धुळीत आणि ओझ्याखाली चालणाऱ्या गाडीचे तेल लवकर बदलावे. दोन अंगांना दुधाचे कॅन हे ओझेच. तेव्हा मी चार-साडेचार हजारांचा मधला आकडा सुचवला. वर्षात पाच बदल, २,००० रुपये. आठशे वाचले ते वाचलेच.

त्याच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट तेलाच्या पातळीची होती. या लहान इंजिनात तेल असते जेमतेम लिटरभर. गाडी जुनी होत चालली की त्यातले पाव लिटर न कळत जळून जाते, उरलेले जास्त तापते, आणि एके दिवशी इंजिनाचे काम निघते. मिस्त्रीचे बिल एकीकडे, आणि गाडी गॅरेजात असताना दूध थांबत नाही ते एकीकडे. दर रविवारी गाडी सरळ उभी करून पातळी पाहायची, कमी असेल तर त्याच जातीचे तेल वर घालायचे; याला पैसा पडत नाही. हे त्याला पटले. दुकानदाराने दाखवलेला डबा मोटारीचा होता की मोटारसायकलचा, हे मी मुद्दाम विचारून घेतले. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात भिजलेले असतात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती क्लचवर पोचली की क्लच सरकू लागतो, आणि मायलेज वाढायचे तर उलट घटते. म्हणून डब्यावर 'जासो' या जपानी मानकाचे 'एमए' किंवा 'एमए-२' हे शिक्के पाहावे. गिअर नसलेल्या स्कूटरला 'एमबी' चालते.

आता मोटारवाले वाचक म्हणतील, आमचे काय? वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५, म्हणजे ८०० लिटर, ८०,००० रुपये. दोन टक्के म्हणजे १,६००. चार लिटर तेल वर्षातून एकदा. दोन जातींच्या भावातला फरक जवळपास तेवढाच. म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो, तोही दोन टक्के खरोखर मिळाले तर. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१७ साली आठ कसोट्या लावल्या. त्यांत सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरले. पण वर्षाचा खर्च ६४ डॉलरने वाढतो, हेही त्यांनी लपवले नाही. नव्या मोटारींना तर '०डब्ल्यू-२०' सारखे इतके पातळ तेल नेमलेले असते की ते सिंथेटिकखेरीज सहसा होतच नाही. तिथे घासाघीस करू नये. पुस्तक म्हणेल ते घालावे. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात तासन् तास १२० ने पळणाऱ्यानेही चांगले तेल घालावे. मात्र ज्याला पेट्रोल वाचवायचे आहे तो १२० ने का पळतो, हे मला कळलेले नाही.

मायलेज उतरले म्हणून तेलाला दोष देणाऱ्यांनी टाकीतही डोकावावे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या मोटारींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के घट येईल असा अंदाज दिला होता. ती घट कोणतेही वंगण भरून काढणार नाही. चाकातली हवा महिन्यातून दोनदा तपासली तर मात्र थोडी भरून निघेल.

ट्रॅक्टरवाल्यांना एकच सांगतो. आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ ही इंजिनाची खरी वैरीण. महागातले महाग तेलही धूळ गाळीत नाही. ते काम एअर क्लीनरचे. नांगरटीच्या दिवसांत तो रोज पाहावा. आणि वर्षातले आठ महिने गोठ्याशेजारी उभा असलेला ट्रॅक्टर तासांच्या मीटरवर थोडाच चालला असला, तरी तेलात ओल आणि आम्ल साठतच असते; म्हणून तास भरोत वा न भरोत, वर्षाला एकदा तेल बदलावे.

उरला प्रश्न डब्याच्या खरेपणाचा, आणि तो साध्या-सिंथेटिकपेक्षा मोठा आहे. गॅरेजात काढलेले जळके तेल गोळा होते. त्यातले काही रीतसर शुद्ध होते, आणि काही नुसते गाळून चकचकीत डब्यात परत येते. तेव्हा पक्के बिल घ्या, झाकणाचे सील आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावा, आणि तेल ओतून झाले की रिकाम्या डब्याला मिस्त्रीच्याच पेचकसाने एक भोक पाडून मग तो परत द्या.