सायकलच्या चेनला तेल कोणते?

धडगावकडच्या चढावर चेन करकरू लागली की पुष्कळजण स्वयंपाकघरातले तेल ओततात. तसे करू नका. खायचे तेल हवेने चिकट होते, त्यावर धूळ बसते. (आणि भुईमुगाचे तेल ओतायला परवडते तरी कुठे?) ट्रॅक्टरचे जळके ऑइल फुकट मिळते खरे, पण त्यातला लोखंडाचा बारीक कीस चेन खातो. ग्रीस वरच राहते, झीज मात्र कड्यांच्या आतल्या खिळ्यांची होते. उन्हाळ्यात शिलाई यंत्राचे पातळ तेल उत्तम. सातपुड्याच्या पावसात ते धुऊन जाते, तेव्हा इंजिनाचे नवे ऑइल घ्या. आधी डिझेलच्या फडक्याने चेन पुसा, वाळू द्या. पेडल उलटे फिरवीत प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडा. रात्रभर मुरले, की सकाळी वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा.