रुसलेली होडी

दिवाळी आली की घरातल्या छत्र्या आणि रेनकोट माळ्यावर चढतात आणि आकाशकंदील खाली उतरतो. पावसाशी आपला वर्षाचा हिशेब मिटलेला असतो. याच सुमारास आणखी एक वस्तू विश्रांतीला जाते, पण तिची आठवण सहसा कुणी काढीत नाही. ती म्हणजे पुरात धावून जाणारी मोटारीची होडी. ज्या गावांना नदीचा शेजार आहे, तिथे अग्निशामक दलाच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या एखाद्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली पडलेली असते. खंडेनवमीला तिच्या इंजिनाला झेंडूचा हार मिळतो. मग थेट पुढच्या आषाढ-श्रावणात, पाणी दाराशी आले म्हणजे, तिला हाक मारायची. आणि नेमकी त्या वेळी ती रुसते!

वाचक म्हणतील, मराठीच्या मास्तरांना होडीच्या इंजिनाशी काय करायचे आहे? एक तर आम्ही नाशिककर. गोदावरीचे पाणी किती चढले हे आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो : पायाशी आले, कमरेला लागले, गळ्याशी आले. १९६९ चा पूर जुनी माणसे अजून सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तर आजच्या कॉलेजातल्या मुलांनीही आपल्या हयातीत ऐकलेले-पाहिलेले आहेत. २०१९ च्या ऑगस्टात तिकडे सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या गच्च्यांवर अडकलेली माणसे उतरवून आणीत होत्या. अशा वेळी ‘इंजिन चालू होत नाही’ या चार शब्दांची किंमत काय होते, ते सांगायला नको.

दुसरे कारण माझ्या धंद्यातले आहे. कठीण श्लोक समोर आला की विद्यार्थी गांगरतो आणि मधलाच एखादा शब्द पकडून अर्थाची ओढाताण करतो. त्याला आम्ही सांगतो, बाबा रे, आधी अन्वय लाव. कर्ता कोण, कर्म कोणते, क्रियापद कुठे आहे, हे ओळीने पाहा. रुसलेल्या इंजिनाचेही तेच आहे. माणसे दोरी ओढओढून घामाघूम होतात, प्लग बदलतात, इंजिनाला शिव्या देतात, आणि दोष असतो चार हात लांब, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

या इंजिनाची ठेवणच मुळी निराळी आहे. मोटारगाडीचे इंजिन गाडीच्या पोटात असते. हे मात्र होडीच्या पाठीला बाहेरून टांगलेले असते, म्हणून त्याला इंग्रजीत ‘आऊटबोर्ड’ म्हणतात. अशी इंजिने लोकप्रिय करणारा ओले एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा. अमेरिकेत एका उन्हाळ्यात त्याने होणाऱ्या पत्नीसाठी तलावापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणले, ते वाटेतच वितळले, आणि त्या वैतागातून त्याला इंजिनाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९ च्या सुमारास त्याने धंदा सुरू केला आणि त्याच्या नावाची इंजिने २०२० पर्यंत बनत होती. ते असो. आपल्याला महत्त्वाचे हे, की अशा पुष्कळ होड्यांत पेट्रोलची टाकी सुटी असते आणि तिथून एका रबरी नळीने पेट्रोल इंजिनाकडे जाते. हा प्रवास लांबचा, आणि वाटेत चोर फार.

तेव्हा अन्वय लावू या. इंजिन बंद पडले की पहिल्यांदा लाल दोरी पाहावी. ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असते. तो पाण्यात पडला तर दोरीचे टोक निघून इंजिन आपोआप बंद होते. ते टोक आपल्या जागी बसलेले नसेल तर कितीही ओढा, ठिणगी पडणारच नाही. ती ठीक असेल तर मग इंधनाच्या वाटेने निघावे.

पहिले ठाणे टाकी. तिच्या झाकणावर हवेचा एक लहानसा स्क्रू असतो. होडी हलवताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायला विसरतात. गृहिणींना यातले शास्त्र वेगळे सांगायला नको. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते आणि मग थांबते. समोर दुसरे भोक पाडले की धार मोकळी होते. टाकीचेही तसेच. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. इंजिन पाच-दहा मिनिटे छान चालते आणि ऐन धारेत मान टाकते. औषध काय? स्क्रूला दोन वेढे!

दुसरे ठाणे नळीवरचा रबरी गोळा. डॉक्टर रक्तदाब पाहताना जो फुगा दाबतात, त्याचाच हा भाऊ. त्यावर बाण असतो; त्याचे टोक इंजिनाकडे हवे. हा गोळा म्हणजे इंजिनाची नाडी आहे. दाबल्यावर तो पाच-सहा दाबांत टणक झाला तर पेट्रोल इथवर नीट पोचले. यापुढे दोष असलाच तर तो इंजिनाच्या बाजूला. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर टाकी रिकामी आहे, कुठून तरी हवा शिरते आहे, नाहीतर गोळ्यातली झडप गेली आहे. नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडण्या आणि त्यांतल्या रबरी कड्या पाहाव्यात. त्या कडक होऊन चिरतात. आणि चालत्या इंजिनात गोळा चपटा होऊन आत ओढला गेला, तर अडथळा गोळ्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे आहे, असे समजावे. गोळा दाबत राहिले तरच इंजिन चालते आणि सोडला की थांबते, असे झाले तर इंजिनावरच्या इंधनपंपाचा संशय घ्यावा. त्यातला पातळ पडदा फाटला की पंपाचा दम जातो.

तिसरे ठाणे गाळणी. इथे कचरा अडकतो आणि पाणीही साचते. सावकाश चालताना इंजिन गोड बोलते आणि वेग वाढवला की धापा टाकते, तेव्हा बहुधा पेट्रोल अपुरे पडत असते, आणि गाळणी तुंबणे हे त्याचे एक नेहमीचे कारण.

शेवटचे ठाणे कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण इथे होते. त्यातले जेट म्हणजे सुईच्या अग्राएवढी छिद्रे. इंजिन महिनोन् महिने पडून राहिले की आतले पेट्रोल उडून जाते आणि दुधाच्या पातेल्याला खरपूड धरावी तसा चिकट थर मागे उरतो. मंद गतीचे छिद्र सर्वांत बारीक, म्हणून ते आधी बुजते. मग इंजिन वेगात चालते, पण हळू केले की विझते. हे काम काठावरचे आणि जाणत्या मेकॅनिकचे. जेटमध्ये तार खुपसण्याचा मोह आवरावा. छिद्र रुंदावले की पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

यात अलीकडे एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये उसापासून बनवलेले इथेनॉल मिसळण्याचा आपल्या देशातला प्रयोग २००१ मध्ये सुरू झाला, आणि त्यासाठी निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत मिरजेबरोबर आमच्या नाशिक जिल्ह्यातले मनमाडही होते. तेव्हा मिश्रण शेकडा पाच होते. २०२२ मध्ये ते दहापर्यंत आणि २०२५ मध्ये वीसपर्यंत गेले. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. दमट हवेतले पाणी ते शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की पेट्रोलची सोबत सोडून पाण्यासकट तळाशी बसते. टाकीतली नळी पेट्रोल उचलते तीही तळापासूनच! स्कूटरमध्ये रोज नवे पेट्रोल पडते आणि रोज जळते, म्हणून तिथे ही तक्रार सहसा उठत नाही. होडीचे पेट्रोल मात्र दसऱ्यापासून मृगापर्यंत लोणच्यासारखे मुरत ठेवलेले असते. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही. तेव्हा दोष एकट्या इथेनॉलला देऊन भागणार नाही; दोष आपल्या साठवणीचा आहे.

म्हणजे पाहा, आषाढातल्या बहुतेक रुसव्यांचे मूळ कार्तिकात असते. होडी आत ठेवण्यापूर्वी इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करावे, नळी काढून घ्यावी, आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून ते आपण होऊन थांबेपर्यंत चालू द्यावे. पाण्याबाहेर मात्र चालवू नये; थंड पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी चक्र तेवढ्यातच करपते. टाकीत उरलेले पेट्रोल स्वच्छ असेल आणि त्यात तेल मिसळलेले नसेल तर गाडीत घालून संपवावे. पुढच्या पावसासाठी राखून ठेवू नये. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल लागते. पुष्कळ इंजिनांना लिटरला वीस मिलिलिटर असे प्रमाण असते, पण आपल्या इंजिनाचे पुस्तक पाहूनच मिसळावे. पावसाळ्यात पूर येवो न येवो, पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालवावे.

दोन पथ्ये जिवाची आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचून राहते, म्हणून टाकी काठावर उतरवून भरावी आणि आसपास विडी-काडी नको. आणि वाहत्या पाण्यात इंजिन थांबले तर आधी नांगर टाकावा किंवा वल्हे हाती घ्यावे, मग दोष शोधावा. इंजिन कितीही भरवशाचे असो, वल्ह्यांवाचून होडी सोडू नये.

हे सारे कुणी करायचे? पगारी माणसे आहेतच. पण तुमच्या गावात होडी असेल तर दिवाळीला गावी गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा : इंजिन शेवटचे चालवले कधी? उत्तर ‘गेल्या पुरात’ असे आले, तर फराळ झाल्यावर चार माणसांनी शेडकडे चक्कर टाकावी. खंडेनवमीचा हार एव्हाना वाळला असेल. तो काढता काढता टाकीचे झाकणही उघडून पाहावे.