पहिल्या छपाईतली माणसं

एप्रिल १९३९मध्ये न्यूयॉर्कहून लाल कापडी बांधणीचं एक पुस्तक निघालं. किंमत साडेतीन डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम थोडी नव्हती, म्हणून घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं यासाठी मुद्दाम जाडजूड कागद वापरला. त्या जाडीमुळे पुस्तकाचं टोपणनाव पडलं ‘बिग बुक’. खरं नाव ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’. दारू सोडलेल्या माणसांनी दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेलं हे पुस्तक पहिली दोन वर्षं फारसं कुणी विकत घेतलं नाही. मार्च १९४१मध्ये ‘सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि मग पत्रांचा पाऊस पडला.

पहिल्या छपाईच्या प्रती पाच हजारांहूनही कमी होत्या. आज त्यांच्यामागे जगभरचे संग्राहक आहेत. न्यू जर्सीतला माझा मामेभाऊ त्यांतलाच एक. अशी प्रत कुठे दिसली की तो आधी पान २३४ उघडतो. तिथे जुळणी करताना मजकूर चुकून दोनदा पडला आहे. पुढच्या छपाईत ती चूक दुरुस्त झाली, त्यामुळे चूक असलेली प्रत म्हणजे अस्सल पहिली. लाल-पिवळं भडक जॅकेट शाबूत असेल तर किंमत कुठच्या कुठे जाते. छपाईआधी ज्यावर हातानं दुरुस्त्या केल्या, ती टंकलिखित प्रत २०१८मध्ये लिलावात चोवीस लाख डॉलरना गेली. घेणारे जिम इर्से, अमेरिकन फुटबॉलमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचे तेव्हाचे मालक. स्वतःच्या व्यसनाबद्दल ते उघडपणे बोलत.

मला मात्र ओढ आहे ती पहिल्या छपाईत दारू सोडलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीची. ‘लोन एंडेव्हर’ तिचं नाव. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातला. आसपास ना दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, ना सोबती. छपाईपूर्व मजकुराची प्रत वाचून तो एकट्याच्या बळावर सोबर झाला. पुस्तक काढणाऱ्या न्यूयॉर्कच्या मंडळींना केवढा आनंद! नुसतं पुस्तक वाचूनही माणूस सुटू शकतो, याचा तो जिवंत पुरावा होता. मग तो त्यांना भेटायला बसनं निघाला आणि उतरला तो झिंगलेला, असं जुने सभासद सांगत. दुसऱ्या छपाईत ती गोष्ट नाही.

पुन्हा प्यायलेला तो एकटा नव्हे. हँक पार्कहर्स्ट यांनी हे पुस्तक निघावं म्हणून जिवाचं रान केलं, शेअर विकून पैसे उभे केले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा प्यायला लागले. फ्लॉरेन्स रँकिन ही त्या गोष्टींतली दारू सोडलेली एकटी बाई. पुस्तकासाठी ‘वन हंड्रेड मेन’ हे नाव सुचलं तेव्हा तिनं हरकत घेतली होती. तीही पुढे दारूतच गेली. १९५५च्या दुसऱ्या आवृत्तीत या दोघांच्याही गोष्टी गळल्या.

गाळणाऱ्यांना मी दोष देत नाही. थरथरत्या हातानं पुस्तक उघडणाऱ्या नवख्या माणसाला आधी दिलासा हवा असतो. पण आमच्या घरी काका होते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या दादरच्या मीटिंगला जायला लागल्यावर ते आमूलाग्र बदलले. सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री करायचे, मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे, आणि महिनाअखेर पगाराचं पाकीट न फोडता काकूच्या हातात ठेवायचे. मग स्लिप झाली, म्हणजे ते परत प्यायले, आणि पुन्हा सावरले नाहीत. ते गेल्यावर सगळे एवढंच म्हणाले, दारूनं गेला. मधली ती चांगली वर्षं जणू झालीच नव्हती. कॅलिफोर्नियाच्या त्या माणसाची गोष्ट लिहिली गेली त्या दिवशी ती खरी होती. नंतरच्या बाटलीनं ती खोटी कशी ठरेल? लाल बांधणीच्या त्या प्रतीत ती अजून आहे, म्हणून मला ती प्रत मोलाची वाटते.

दारूमुक्तीच्या या साहित्यात स्वस्तात मिळणारंही बरंच आहे. रिचमंड वॉकर यांचं १९४८चं खिशात मावणारं ‘ट्वेंटी-फोर अवर्स अ डे’, मिनियापोलिसचं १९४६चं ‘लिटल रेड बुक’, जून १९४४पासून निघणारं ‘ग्रेपवाइन’ मासिक. मामेभावानं मला बिग बुकची चाळीसच्या दशकातली निळ्या बांधणीची एक प्रत दाखवली. पहिल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या अक्षरांत नावं होती, नुसतं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर. एकापुढे दारू सोडल्याची तारीख खोडून दुसरी घातलेली, तीही खोडून तिसरी. लिहिलेली, मळलेली प्रत दुकानदार कमी भावात देतो. मी असते तर तिलाच जास्त मोजले असते.

अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयानं चेस्टर कर्क यांचा या विषयावरचा हजारो वस्तूंचा संग्रह जपला आहे. त्यात पुस्तकांबरोबर साधी पत्रकंही आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची ही चळवळ पन्नासच्या दशकात आपल्याकडे पोचली, पुढे मराठीतही मीटिंगा सुरू झाल्या. कुणाच्या घरी त्या काळातली पत्रकं, वह्या, दारूमुक्तीच्या वाढदिवसाची पदकं असतील, तर ती रद्दीत किंवा भंगारात घालू नका. ज्यांचे आजोबा शेवटी पुन्हा प्यायले, त्यांनी तर मुळीच नको.